टक्का किती, आणि कशामुळे?

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एखाद्या माजी सैनिकाच्या घरी पेन्शनचा विषय निघाला, की घरातली बाई बहुधा असे विचारते : "आमच्या मालकांना फौजेची पेन्शन आहेच. मग ही डिसेबिलिटी वेगळी मिळते म्हणतात, ती कुणाला?" आणि त्यामागोमाग खरी तक्रार येते : "पलीकडच्या गल्लीतल्यांचा कान गेला, त्यांना मिळते. यांचा गुडघा गेला, यांना नाही. असं कसं?"

हे प्रकरण या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिले आहे. अपंगत्वाच्या पेन्शनविषयी बोलताना सगळ्यांचे लक्ष टक्क्यावर असते. वीस टक्के मिळाले की तीस, याचीच चर्चा चालते. पण दावे अडतात ते टक्क्यापेक्षा कारणावर. दुखणे नोकरीमुळे आले की नाही, हे कागदावर एका ओळीत लिहिलेले असते आणि ती ओळ बहुतेक कुटुंबांनी कधी वाचलेलीच नसते.

१. पेन्शन एक, भाग दोन

सैनिकाच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाचे दोन भाग असतात. पहिला भाग सेवेचा. नोकरी केली म्हणून तो मिळतो. दुसरा भाग अपंगत्वाचा. नोकरीत शरीराचे जे नुकसान झाले, त्यासाठी तो मिळतो. बँकेत रक्कम एकत्र जमा होत असली तरी हिशेब दोन्हींचा वेगळा असतो. पेन्शनचा जो आदेश निघतो, ज्याला सगळे पीपीओ म्हणतात, त्यात हे दोन्ही भाग वेगळे दाखवलेले असतात. घरात पीपीओ असेल तर आधी काढून पाहा. त्यावर अपंगत्वाचा भाग आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय पुढचे बोलण्यात अर्थ नाही.

साध्या शिपायाला नेहमीची पेन्शन मिळण्यासाठी १५ वर्षांची सेवा लागते. पण सेवेमुळे आलेल्या दुखण्यापायी ज्याला मुदतीआधीच घरी पाठवले, म्हणजे फौजेच्या भाषेत 'बोर्ड आउट' केले, त्याला सेवेच्या भागासाठी ही वर्षांची अट लागू होत नाही. दोन वर्षांत घरी यावे लागलेल्या जवानालाही दोन्ही भाग मिळू शकतात. दुसरे असतात ते दुखणे घेऊनच पूर्ण मुदत काढणारे. त्यांना 'लो मेडिकल कॅटेगरी'त ठेवतात, हलके काम देतात आणि वेळ झाली की निवृत्त करतात. त्यांची नेहमीची पेन्शन सुरू होतेच, आणि अटी पूर्ण होत असतील तर अपंगत्वाचा भाग तिच्यावर चढतो. आपल्याकडे या दुसऱ्या वर्गातल्या कित्येकांना हा भाग आपल्यालाही लागू होतो याची कल्पनाच नसते. "मी काही बोर्ड आउट झालो नाही, पूर्ण सर्व्हिस केली," असे म्हणून ते विषय सोडून देतात.

अटी दोनच आहेत. अपंगत्व २० टक्के किंवा त्याहून जास्त असावे, आणि ते सैनिकी सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे. दोन्ही हव्यात. निवृत्त होताना ८० टक्के अपंगत्व आहे पण सेवेशी संबंध नाही, तर हा भाग मिळत नाही. संबंध आहे पण टक्का १५, तरीही नाही. मुदतीआधी बोर्ड आउट झालेल्यांची बाजू मात्र थोडी वेगळी आहे. ज्या दुखण्यापायी माणसाला नोकरीतून काढावे लागले ते २० टक्क्यांहून कमी कसे धरता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सुखविंदर सिंग यांच्या निकालात म्हटले आहे.

२. बोर्डाच्या खोलीत

फौजेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची शेवटची वैद्यकीय तपासणी होते. लो मेडिकल कॅटेगरीतल्यांसाठी त्या वेळी 'रिलीज मेडिकल बोर्ड' बसते. आजारपणामुळे काढायचे असेल तर वेगळे बोर्ड बसते. तब्येत मोजण्याची फौजेची पद्धत पाच अक्षरांची आहे. मन, कान, हातपाय, सर्वसाधारण शारीरिक ताकद आणि डोळे यांच्या इंग्रजी अक्षरांवरून तिला 'शेप' म्हणतात. पाचही ठिकाणी १ आकडा असेल तर जवान ठणठणीत. कान खराब झाले की कानासमोरचा आकडा वाढतो.

बोर्डाचे निष्कर्ष ज्या फॉर्मवर लिहितात त्याचे नाव एएफएमएसएफ-१६. प्रत्येक माजी सैनिकाने या फॉर्मची प्रत मिळवून जपली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्यात प्रत्येक दुखण्यासमोर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक टक्का, आणि दुसरे कारण : सेवेमुळे झाले, सेवेमुळे वाढले, की दोन्ही नाही. शेवटच्या पर्यायाला वकील आणि कारकून 'नाना' म्हणतात, कारण इंग्रजी आद्याक्षरे तशी जुळतात. टक्क्यासमोर ३० आणि कारणासमोर 'नाना' असेल, तर पेन्शनच्या दृष्टीने ते ३० टक्के शून्यासारखेच.

दोन दुखणी असतील तर बेरीज सरळ होत नाही. गुडघ्याचे २० आणि कानाचे २० म्हणजे ४० असे होत नाही. दोन्हींचा मिळून एकत्रित टक्का काढतात आणि तो बेरजेपेक्षा कमी भरतो.

पूर्वी दर काही वर्षांनी जवानाला पुन्हा तपासणीला बोलावत आणि टक्का कमी-जास्त करत. त्या फेऱ्यांत म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होत. २००१ पासून नियम असा झाला की बोर्डाने ठरवलेला टक्का आयुष्यभरासाठी. दुखणे कायमचे नसेल तरच ठरवून दिलेल्या मुदतीत एकदा फेरतपासणी होते. तब्येत जास्तच खालावली असेल तर जवान स्वतः फेरतपासणी मागू शकतो.

३. 'सेवेमुळे' म्हणजे नेमके काय

सोलापूरकराला हे समजावून सांगायला यंत्रमागाचा कारखाना पुरे. वीस वर्षे मागाच्या खडखडाटात उभे राहून ज्याचे कान गेले, त्याचे दुखणे कामामुळे झाले. ज्याला लहानपणापासून थोडा दमा होता आणि सुताच्या धुळीने तो बळावला, त्याचे दुखणे कामामुळे वाढले. आणि गावी जत्रेला गेला असताना झाडावरून पडून ज्याचा हात मोडला, त्याचा कारखान्याशी संबंध नाही. फौजेच्या नियमांत याच तीन जाती आहेत. पहिल्या दोन्हींना अपंगत्वाचा भाग मिळतो.

युद्धातल्या जखमेत वाद नसतो. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. ईएमई या तांत्रिक दलातले ते जवान. १९६५ च्या पाकिस्तान युद्धात त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या आणि पाय कायमचे निकामी झाले. पुढे १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत त्यांनी पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्या जखमेबाबत 'कशामुळे' हे कोणी विचारत नाही.

वाद होतो तो शांतपणे अंगात मुरणाऱ्या दुखण्यांचा. रक्तदाब, मधुमेह, पाठीचा मणका, मानसिक आजार, झटके. बोर्डातले डॉक्टर म्हणतात, हे कोणालाही होते. जवान म्हणतो, भरती झालो तेव्हा मला काही नव्हते.

यावर सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी दिलेला धरमवीर सिंग यांचा निकाल माजी सैनिकांच्या घराघरात माहीत असायला हवा. धरमवीर सिंग १९८५ मध्ये सिग्नल्स दलात शिपाई म्हणून भरती झाले. त्या वेळच्या तपासणीत आजाराची नोंद नव्हती. पुढे झटक्यांचा आजार जडला आणि १९९४ मध्ये त्यांना बोर्ड आउट केले. टक्का बरोबर २०. बोर्डाने लिहिले, सेवेशी संबंध नाही. का नाही, याचे कारण दिले नाही. न्यायालयाने १९८२ च्या नियमांच्या आधारे सांगितले की भरतीच्या वेळी तब्येत चांगली असल्याची नोंद असेल, तर पुढचे दुखणे सेवेमुळे आले असे धरून चालायचे. तसे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. आणि भरतीच्या वेळी तपासून हा आजार ओळखता येण्यासारखा नव्हता असे बोर्डाला वाटत असेल, तर त्याची कारणे लिहिली पाहिजेत.

या एका निकालाने हजारो नकारांकडे बघण्याची नजर बदलली. मात्र नियम पुढे २००८ मध्ये आणि नंतर २०२३ मध्ये बदलले आहेत. २१ सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडलेल्यांना नवे नियम लागतात आणि त्यांत काही आजारांच्या व्याख्या आणि सवलती वेगळ्या आहेत. म्हणून कोणाच्याही केसविषयी बोलताना पहिला प्रश्न हवा, "डिस्चार्ज कधी झाला?"

रजेतले अपघात हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. वार्षिक रजेवर गावी आलेला जवान भावाच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला मोटारसायकलवरून बार्शीला निघाला आणि अपघात झाला. ऐकायला कठोर वाटेल, पण न्यायालयांनी अशा अपघाताला सेवेशी संबंधित मानलेले नाही. २०११ चा जुझार सिंग यांचा निकाल हेच सांगतो. पण तोच जवान रजा संपवून सरकारी खर्चाने पलटणीकडे निघालेला असेल, तर तो प्रवास ड्यूटीत धरला जातो. म्हणून प्रवासाचे वॉरंट, तिकीट, स्टेशनवरच्या पोलिसांची नोंद यातले काहीही फेकून देऊ नये.

४. आकडेमोड

सरकारने २००१ च्या आदेशात कारणांचे पाच वर्ग केले, ए ते ई. ए म्हणजे सेवेशी संबंध नाही. बी म्हणजे सेवेच्या परिस्थितीमुळे आलेला आजार, सी म्हणजे ड्यूटीवरचा अपघात. डी आणि ई मध्ये अतिरेक्यांचा हल्ला, युद्ध, सीमेवरची चकमक वगैरे. बी आणि सीला साधी अपंगत्व पेन्शन, ईला युद्धजखमेची.

आता उदाहरण. एका हवालदाराचे मूळ वेतन ३४,८०० रुपये आणि सैनिकी सेवेचा भत्ता ५,२०० रुपये, म्हणजे शेवटचे हिशेबाचे वेतन ४०,००० रुपये. सेवेचा भाग याच्या निम्मा, २०,००० रुपये. अपंगत्वाचा भाग १०० टक्क्यांना वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १२,००० रुपये. अपंगत्व २० टक्के असेल तर त्याचा पाचवा हिस्सा, २,४०० रुपये.

पण इथे एक महत्त्वाची सवलत आहे. बोर्डाने दिलेला टक्का वरच्या टप्प्यावर नेतात. २० पासून ५० च्या आतला टक्का ५० धरतात, ५० ते ७५ पर्यंतचा ७५ आणि त्यापुढचा १००. म्हणून आपल्या हवालदाराचे २० टक्के ५० होतात आणि २,४०० ऐवजी ६,००० रुपये मिळतात. दोन्ही भागांवर महागाई वाढही मिळते.

१९९६ पासून ही सवलत फक्त बोर्ड आउट झालेल्यांना होती. पूर्ण मुदत करून निवृत्त झालेल्यांना ती नाकारली जाई. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार यांच्या खटल्यात हा भेद चुकीचा ठरवला. त्यापूर्वी निवृत्त झालेल्या एखाद्याच्या पीपीओवर आजही २० किंवा ३० टक्केच लिहिलेले असेल, तर त्याने विचारणा केलीच पाहिजे.

युद्धजखमेत दर मोठा. पूर्ण सेवा करून निवृत्त झाला तर १०० टक्क्यांना वेतनाच्या ६० टक्के, आणि जखमेमुळे बोर्ड आउट झाला तर १०० टक्क्यांना पूर्ण वेतनाइतका भाग. सेवेचा भाग त्याशिवाय. १०० टक्के अपंग असलेल्या आणि दुसऱ्याच्या मदतीवाचून ज्याचे चालत नाही अशा जवानाला बोर्डाच्या शिफारशीने सतत सोबतीचा भत्ताही मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना ६,७५० रुपये ठरला आणि महागाईबरोबर वाढत जाईल अशी तरतूद झाली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची उठबस करणारी बहुधा त्याची बायकोच असते. या भत्त्याची चौकशी मात्र कित्येक घरांत झालेलीच नसते.

अग्निवीरांचे गणित निराळे आहे. त्यांना पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आले तर टक्क्यानुसार एकरकमी मदत मिळते : १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. भरतीची तयारी करणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी हा फरक आधीच समजून घ्यावा.

५. दोन दाखल्यांची गल्लत

सिव्हिल हॉस्पिटलमधून मिळणारे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि फौजेच्या बोर्डाचा टक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात, फौजेच्या पेन्शनला २०. सिव्हिलचे ४५ टक्क्यांचे कार्ड दाखवून फौजेची पेन्शन वाढत नाही, आणि बोर्डाचा कागद दाखवून दिव्यांग कार्ड आपोआप मिळत नाही. दोन्हींसाठी स्वतंत्र अर्ज करावे लागतात. करावेत.

६. घरच्या बाईला काय

आता सर्वांत हळवा भाग. नवरा गेल्यावर त्याचा अपंगत्वाचा भाग बंद होतो. तो त्याच्या शरीराच्या नुकसानीचा होता, म्हणून त्याच्याबरोबर संपतो. हे आधी कोणी सांगितलेले नसते, आणि दुःखातल्या बाईच्या हातात अचानक बरीच कमी रक्कम येते.

वरच्याच हवालदाराचे पाहू. तो असताना घरात २०,००० अधिक ६,००० रुपये येत होते, महागाई वाढ सोडून. तो निवृत्तीनंतर वारला तर विधवेला साधे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ते वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १२,००० रुपये. सुरुवातीची सात वर्षे, किंवा नवरा ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातले जे आधी येईल तोवर वाढीव दर असतो. मग १२,०००.

पण मृत्यू सेवेशी संबंधित कारणाने झाला असेल तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, वेतनाच्या ६० टक्के. आपल्या उदाहरणात २४,०००. लढाईत किंवा अतिरेक्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर उदार कुटुंब निवृत्तिवेतन, जे पूर्ण वेतनाइतके, ४०,०००. पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी २०१६ मध्ये नगरोट्याच्या हल्ल्यात धारातीर्थी पडले. असा मृत्यू या शेवटच्या वर्गात येतो.

आता या दोन गोष्टी जोडा. ज्या दुखण्यासाठी नवऱ्याला अपंगत्वाची पेन्शन होती, त्याच दुखण्याने तो गेला, तर विधवा विशेष दराचा दावा करू शकते. त्याला मुदतीच्या अटी आहेत, म्हणून वेळ दवडू नये. हृदयविकारासाठी पेन्शन असलेला माणूस हृदयविकाराने गेला आणि दाखल्यावर मृत्यूचे कारण नुसते 'वार्धक्य' लिहिले गेले, तर बाईचा दावा तिथेच लंगडा होतो. दवाखान्यातून मृत्यूचे वैद्यकीय कारण नीट लिहून घ्या. अंत्यविधीच्या धावपळीत हे करायला सांगणे क्रूर वाटते, पण घरातल्या एखाद्या भाच्याने किंवा दिराने ही जबाबदारी घ्यावी.

आणि हयातीतच करायचे काम : पीपीओवर पत्नीचे नाव, जन्मतारीख आणि आधारवरचे नाव जुळते का ते पाहणे. रेकॉर्डवर माहेरचे 'शकुंतला', सासरचे 'सुमन', अशा एका फरकाने महिनोन्महिने पेन्शन अडते. कायम अपंग असलेले मूल असेल तर त्याचेही नाव नोंदवून घ्यावे. आईवडिलांनंतर त्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते.

७. नकार आला तर

नकाराचे पत्र रेकॉर्ड ऑफिसकडून येते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे सागरला. पत्र इंग्रजीत असते आणि त्यात बहुधा 'संबंध नाही' एवढेच असते. अनेक घरांत ते काळ्या ट्रंकेत डिस्चार्ज बुकाखाली ठेवले जाते आणि तिथेच राहते.

त्या नकारावर सहा महिन्यांत पहिले अपील करता येते, मग दुसरे. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि सोलापूरकरांसाठी त्याचे खंडपीठ मुंबईला आहे. अपिलात भावना लिहिण्यापेक्षा चार गोष्टी जोडाव्यात : भरतीच्या वेळच्या तपासणीची प्रत, दुखणे पहिल्यांदा कधी आणि कोणत्या ठाण्यावर सुरू झाले त्याची नोंद, जखम असेल तर आयएएफवाय-२००६ हा इंज्युरी रिपोर्ट, आणि बोर्डाचा एएफएमएसएफ-१६. यातले जे जवळ नाही ते माहिती अधिकारात मागता येते. सियाचीन, राजस्थानचे वाळवंट, ईशान्येकडचे जंगल, अशा कठीण ठिकाणी किती वर्षे काढली याची यादीही द्यावी. दुखणे आणि ठाणे यांचा मेळ बसला की केस उभी राहते.

मदतीला सोलापुरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. अर्ज लिहिण्यापासून रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहारापर्यंतची कामे तिथून होतात. औषधपाण्यासाठी ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा दवाखाना आहे. पेन्शन आता 'स्पर्श' या संगणकीय यंत्रणेतून प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडून येते. दरवर्षीचा हयातीचा दाखला त्यावर द्यावा लागतो. जमत नसेल तर पेठेतल्या सेवा केंद्रात जावे, पण पासवर्ड आणि ओटीपी कोणाला सांगू नये. हातपाय गमावलेल्यांसाठी पुण्यात १९४४ पासूनचे कृत्रिम अवयव केंद्र आणि मणक्याला मार बसून पाय गेलेल्यांसाठी खडकीचे पुनर्वसन केंद्र आहे. वकिलाच्या फीची भीती वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यातच आहे.

"आता तीस वर्षं झाली, आता काय मिळणार?" असे म्हणणाऱ्यांसाठी तरसेम सिंग यांचा २००८ चा निकाल. त्यांना १९८३ मध्ये बोर्ड आउट केले होते आणि ते १९९९ मध्ये न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेन्शन दर महिन्याला मिळायची गोष्ट आहे, त्यामुळे ती नाकारण्याची चूकही दर महिन्याला घडत राहते. म्हणून उशीर झाला तरी दावा मरत नाही. थकबाकी मात्र अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे दावा योग्य असेल तर उशिराचा प्रत्येक महिना घरातून एकेका महिन्याची थकबाकी काढून नेतो.

जवान हयात नसेल तरी दार बंद होत नाही. त्याच्या हयातीत जे मिळायला हवे होते त्याच्या थकबाकीसाठी विधवा अर्ज करू शकते, आणि त्याच अर्जात स्वतःच्या विशेष कुटुंब निवृत्तिवेतनाची मागणीही घालू शकते.